कॅमेरॉनबाईंची हौस

आपल्याकडे ‘हौशी’ हें विशेषण कौतुकाचें आहे कीं कमीपणाचें, हें तें उच्चारणाराच्या सुरावरूनच कळतें. एखाद्या नटाला, गवयाला किंवा चित्रकाराला ‘हौशी’ म्हटलें कीं त्याच्या कलेला थोडी सूट मिळाली असें समजावें. चुका माफ, आणि त्याबरोबर मानही थोडा कमी. ‘हौसेला मोल नाहीं’ हें वचनही असेंच दुतोंडी आहे. हौसेपुढें पैशाची पर्वा नसते, हा त्याचा सरळ अर्थ; परंतु हौसेनें केलेल्या कामाला बाजारांत किंमत येत नाहीं, असाही अर्थ कोणाला काढावयाचा असल्यास काढतां येतो. या दोन्ही अर्थांची परीक्षा पाहावयाची असेल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या चरित्राइतकें सोयीचें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्यांच्या हातीं पहिला कॅमेरा आला. त्यानंतर जेमतेम बारा वर्षें त्यांनीं तो नेटानें चालविला. आणि आज छायाचित्रणाच्या इतिहासांतून त्यांचें नांव वगळणें कोणाही इतिहासकाराला शक्य नाहीं. बाईंचा जन्म हिंदुस्थानांतला, त्यांचे यजमान हिंदुस्थानच्या कायद्याच्या घडणींतले आणि त्यांचा अंत सिलोनांतला, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतला. तेव्हां आपणांस त्या अगदींच परक्या नाहींत.

त्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील जेम्स पॅटल हे कंपनी सरकारचे अधिकारी, आई फ्रेंच सरदार घराण्यांतली. बहिणींच्या सौंदर्याची कलकत्त्याच्या गोऱ्या समाजांत मोठी ख्याति होती. ज्युलिया मात्र रूपानें साधारण, पण बुद्धीनें, उत्साहानें आणि औदार्यानें सर्वांवर ताण करणारी, असें समकालीन लोक सांगत. शिक्षण बव्हंशीं फ्रान्समध्यें आजीच्या घरीं झालें. १८३४ सालीं त्या हिंदुस्थानांत परतल्या. पण पुढें प्रकृति बिघडल्यामुळें हवापालटासाठीं त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं, केप ऑफ गुड होप येथें जावें लागलें. तेथें १८३६ सालीं ज्या दोन पुरुषांची गांठ पडली, त्यांनीं त्यांच्या पुढील आयुष्याचे दोन धागे विणले. पहिला सर जॉन हर्शेल हा ज्योतिषी. दक्षिण गोलार्धांतील आकाशाचें निरीक्षण करण्यासाठीं तो सहकुटुंब तेथें येऊन राहिला होता. दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन, कायदेपंडित, वयानें वीस वर्षांनीं वडील. १८३८ सालीं कलकत्त्यास या दुसऱ्यांशीं त्यांचा विवाह झाला.

चार्ल्स कॅमेरॉन हे मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील कायदेमंडळाचे सभासद होते. १८३७ सालीं त्या मंडळानें जो मसुदा सादर केला त्यालाच १८६० सालीं कायद्याचें रूप येऊन हिंदी दंडसंहिता निर्माण झाली, आणि १ जुलै २०२४ रोजीं भारतीय न्याय संहिता तिच्या जागीं येईपर्यंत ती आपल्या देशांत चालू होती. ज्या घरांत गुन्ह्यांच्या व्याख्यांचा असा काटेकोर विचार चालत असे, त्याच घराच्या गृहिणीनें पुढें रेषांच्या काटेकोरपणाविरुद्ध बंड पुकारावें, यांत मौज आहे.

हर्शेल हा नुसता ज्योतिषी नव्हता. चांदीचे क्षार हायपोच्या द्रावणांत विरघळतात ही गोष्ट त्यानें १८१९ सालींच हुडकून काढली होती. आणि १८३९ सालीं छायाचित्रणाची कला जगापुढें आली तेव्हां चित्र कागदावर कायम करण्याची किल्ली त्याच्या या शोधांतच सांपडली. ‘फोटोग्राफी’ हा शब्द रूढ करण्यांतही त्याचाच मोठा हात होता. १८४२ च्या सुमारास त्यानें कलकत्त्याला आपल्या या स्नेहिणीस पत्रांतून नव्या कलेची हकीकत कळविली व कांहीं नमुनेही धाडले. त्या वेळीं त्यांनीं कॅमेरा हातांत धरला नाहीं. मुलें, संसार आणि सरकारी मेजवान्या यांतच ते दिवस गेले. परंतु पुढें यश मिळाल्यावर आपला पहिला गुरु कोण, हें सांगण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं हर्शेलचेंच नांव घेतलें. बीं रुजण्यास वीस वर्षें लागलीं, एवढेंच.

१८४८ सालीं कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडला गेलें. लंडनमध्यें केन्सिंग्टन भागांत लिटल हॉलंड हाउस नांवाच्या घरांत बाईंची बहीण सारा प्रिन्सेप राहत असे. तिचे यजमानही कंपनी सरकारचे जुने नोकर. या घरीं कवि, चित्रकार व पंडित यांची सदा वर्दळ असे. टेनिसन, ब्राउनिंग, थॅकरे, रस्किन हे येत-जात, आणि जी. एफ. वॉट्स हा चित्रकार तर त्या घरचा वीस वर्षांहून अधिक काळ पाहुणा होता. बाईंनीं येथें पुष्कळ पाहिलें, पुष्कळ ऐकलें. जुन्या इटालियन चित्रांच्या रंगीत प्रतिकृति छापून प्रसृत करणाऱ्या अरुंडेल सोसायटीच्याही त्या सभासद होत्या. म्हणजे राफाएल आणि त्याचे पूर्वसूरि त्यांच्या घरीं रोजच्या परिचयाचे होते. १८६० सालीं त्यांनीं आइल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर येथें टेनिसनच्या शेजारीं दोन घरें विकत घेतलीं व सिलोनांतील आपल्या मळ्याच्या नांवावरून त्यांस ‘डिंबोला’ असें नांव दिलें.

हा तपशील एवढ्यासाठीं दिला कीं स्फूर्तीविषयींच्या एका सामान्य गैरसमजाचा त्यानें निरास होतो. कॅमेरा हातांत आला आणि मग दृष्टि आली, असा या चरित्राचा क्रम नाहीं. हर्शेलचें शास्त्र, वॉट्सचीं चित्रें, टेनिसनचें काव्य आणि राफाएलच्या माता हें सारें बाईंच्या मनांत आधींच गोळा झालें होतें. त्याला वाट करून देणारें साधन तेवढें मिळालें नव्हतें. चित्रकला त्यांना येत नव्हती. लेखनाचा यत्न त्यांनीं करून पाहिला होता. १८४७ सालीं बुर्गर या जर्मन कवीच्या ‘लेनोर’ या काव्याचें त्यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें होतें. पण त्यानेंही मनाची भूक भागली नसावी.

साधन मिळालें तें १८६३ च्या डिसेंबरांत. यजमान सिलोनांत मळ्यांची व्यवस्था पाहण्यासाठीं गेलेले, मुलेंही दूर. फ्रेशवॉटरच्या त्या एकांतांत आईचा वेळ जावा म्हणून मुलीनें व जांवयानें कॅमेरा भेट दिला. देणारांचा हेतु करमणुकीचा होता. घेणारीनें त्याचें व्रत केलें.

त्या काळीं फोटो काढणें ही किती जिकिरीची गोष्ट होती याची कल्पना आज खिशांत कॅमेरा बाळगणाऱ्या पिढीला येणें कठीण आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हां चालू होती. स्वच्छ पुसलेल्या कांचेवर कोलोडियनचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा. अंधाऱ्या खोलींत ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची. ओली असतांनाच ती कॅमेऱ्यांत बसवून चित्र घ्यावयाचें. आणि वाळण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत नेऊन तें प्रकट करावयाचें. मग तें पक्कें करणें, पाण्यानें वारंवार धुणें, वर रोगण चढविणें, आणि शेवटीं अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हांत त्याची प्रत काढणें. यांतील कोणत्याही पायरीवर धुळीचा एक कण किंवा बोटाचा एक स्पर्श सारें काम फुकट घालवूं शकत असे. बाईंनीं कोळशाच्या कोठींत अंधारी खोली केली, आणि कोंबड्यांचें कांचेचें खुराडें रिकामें करून त्यांत चित्रशाळा थाटली. कोंबड्यांची सुटका झाली आणि त्यांच्या जागीं कवि, धर्मोपदेशक व सुंदर कुमारिका आल्या, अशा आशयाचा विनोद त्यांनीं स्वतःच पुढें आपल्या ‘ॲनल्स ऑफ माय ग्लास हाउस’ या अपुऱ्या राहिलेल्या आत्मवृत्तांत केला आहे.

पहिला प्रयत्न एका शेतकऱ्यावर झाला. बसण्याबद्दल त्याला तासाच्या हिशेबानें पैसे दिले. बऱ्याच तासांनीं व बऱ्याच पैशांनीं एक चित्र उमटलें. आणि बाईंनीं चित्राच्या बाजूवरूनच हात फिरवून तें पुसून टाकलें! कोणीही निराश झाला असता. परंतु १८६४ च्या जानेवारींत ॲनी नांवाच्या एका लहान मुलीचें चित्र साधलें, तेव्हां हर्षाच्या भरांत त्या घरभर धांवत सुटल्या, आणि त्या चित्राखालीं हें आपलें पहिलें यश अशी नोंद त्यांनीं स्वहस्तें केली. तें चित्र आज पाहावें. मुलीचा चेहरा एका बाजूस वळलेला आहे, केस विसकटलेले, अंगांत जाड कोट. कसलाही देखावा नाहीं. एका महिन्याच्या आंत त्या हातानें हें साधलें होतें.

पुढें हौस वाढतच गेली. ओल्या कांचा घेऊन त्या थेट जेवणघरांत यजमानांना दाखविण्यास धांवत. कांचेवरून गळणाऱ्या द्रावणाचे न निघणारे काळे डाग मेजावरच्या चादरींवर पडत. आणि यजमान रागावण्याऐवजीं कौतुक करीत. असा प्रेक्षक प्रत्येक कलावंताला लाभत नाहीं. आल्यागेल्या माणसाला पकडून कॅमेऱ्यापुढें बसवावयाचें आणि तीन-तीन, पांच-पांच मिनिटें, प्रसंगीं त्याहूनही अधिक, हालूं द्यावयाचें नाहीं, हा घरचा रिवाज झाला. टेनिसन अशा सांपडलेल्या पाहुण्यांना थट्टेनें बळी म्हणत असे. घरच्या दासीही सुटल्या नाहींत. मेरी हिलियर ही मोलकरीण तर इतक्या वेळां येशूच्या मातेच्या वेषांत बसली कीं सारें बेट तिला मॅडोना म्हणूं लागलें. मेरी रायन या दुसरीची कथा तर कादंबरींत शोभावी अशी आहे. ती एका आयरिश भिकारणीची मुलगी. बाईंनीं तिला घरांत ठेवून घेतलें, शिकविलें आणि कॅमेऱ्यापुढें बसविलें. लंडनच्या प्रदर्शनांत तिचें चित्र पाहून एक तरुण मोहित झाला व १८६७ सालीं त्यानें तिच्याशीं विवाह केला. हा तरुण म्हणजे हेन्री कॉटन. पुढें हिंदुस्थानांत मुलकी अधिकारी म्हणून नांवाजलेले आणि १९०४ सालीं मुंबईंत भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेले सर हेन्री कॉटन ते हेच.

आतां मुख्य वादाकडे वळूं. बाईंचीं चित्रें अस्पष्ट आहेत, त्यांत भिंग नीट जुळविलेलें नाहीं, असा आक्षेप छायाचित्रणाच्या नियतकालिकांनीं १८६५ पासूनच घेतला. त्या १८६४ सालीं लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या होत्या. म्हणजे हा आक्षेप बाहेरच्यांचा नव्हता, घरच्याच मंडळींचा होता. आक्षेपकांच्या मतें ही हौशी बाईची हेळसांड होती. बाईंचें उत्तर हर्शेलला लिहिलेल्या पत्रांत सांपडतें. त्यांनीं उलट प्रश्न केला कीं कोणती स्पष्टता योग्य, हें ठरविण्याचा अधिकार कोणाला? भिंग पुढेंमागें करीत असतां ज्या क्षणीं चित्र डोळ्यांना सुंदर दिसे, त्या क्षणीं त्या थांबत. इतर लोक आणखी पुढें जाऊन प्रत्येक केस मोजतां येईल अशी रेषा शोधीत.

या वादांत आज सारे जण बाईंच्या बाजूचे आहेत, म्हणूनच आक्षेपकांची बाजूही नीट पाहिली पाहिजे. चित्रांवर बोटांचे ठसे आहेत, कोलोडियनचे ओघळ आहेत, धूळ आहे, चरे आहेत. यांतील प्रत्येक डाग बुद्ध्या ठेवला होता असें म्हणणें म्हणजे अंधभक्ति होईल. १८६९ सालीं त्यांच्या चाळीस-पंचेचाळीस उत्तम कांचांवर जाळीसारख्या भेगा पडूं लागल्या, तेव्हां त्या स्वतः सोसायटीच्या सभेंत जाऊन याचें कारण काय व उपाय काय, असें विचारत्या झाल्या. दोषाला गुण मानणारी व्यक्ति असें करणार नाहीं. यावरून निष्कर्ष असा निघतो कीं बाईंच्या मनांत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. भेग हा अपघात होता आणि त्याचें त्यांना दुःख होतें. धूसरता ही निवड होती आणि तिच्यावर त्या अढळ होत्या. अपघातानें बिघडलेलें पण भावानें साधलेलें चित्र हातीं आलें तर तें फेंकून देण्यास मात्र त्या तयार नव्हत्या. धंदेवाईकाला गिऱ्हाइकाच्या भीतीनें तें फेंकून द्यावें लागलें असतें. हौशीपणाचा खरा फायदा येथें दिसतो. हौशाला चुका करण्याची मोकळीक असते, ही गोष्ट दुय्यम आहे; चुकींत बरें काय आहे तें थांबून पाहण्यास त्याला सवड असते, ही महत्त्वाची.

स्फूर्तीच्या उगमांचा हिशेबही असाच चोख केला पाहिजे, कारण प्रत्येक उगमाचें पाणी सारखें गोड नव्हतें. वॉट्सनें त्यांना शिकविलें कीं व्यक्तिचित्रांत कपड्यालत्त्यापेक्षां मुद्रेवरील विचार महत्त्वाचा. ब्रिटिश म्यूझियममधील एल्गिन संगमरवरांवरून त्यांनीं वस्त्रांच्या चुण्या व देहांची ठेवण अभ्यासली. राफाएल व पेरुजिनो यांच्या पद्धतीचा उल्लेख त्या आपल्या चित्रांखालीं मोकळेपणानें करीत. १८७४ सालीं टेनिसननें आपल्या ‘आयडिल्स ऑफ द किंग’ या काव्यासाठीं चित्रें काढण्यास सांगितलें, तेव्हां त्या पराकाष्ठेच्या उत्साहानें कामास लागल्या. यजमान मर्लिन झाले, बंदराच्या धक्क्यावरचा एक हमाल राजा आर्थर झाला; बारा चित्रें साधण्यासाठीं आपण २४५ कांचा खर्च केल्या, असें त्यांनीं एका पत्रांत लिहिलें आहे. पण ग्रंथांत तीं चित्रें लहान लांकडी ठशांच्या रूपानें छापलीं गेलीं, म्हणून त्यांनीं आपल्या खर्चानें मोठ्या आकाराचे दोन खंड काढले.

इतके श्रम होऊनही या चित्रांतील पडदे पडदेच वाटतात आणि चिलखत भाड्याचें वाटतें. काव्यांतील राजा वाचकाच्या मनांत असतो. कॅमेऱ्यापुढें उभा राहिला कीं तो हमालच होतो. याउलट १८६७ सालचें हर्शेलचें चित्र पाहावें. काळ्या पार्श्वभूमीवर एक वृद्ध मस्तक, पांढरे केस प्रकाशानें पेटल्यासारखे, आणि दूर कोठें तरी लागलेले ओलसर डोळे. तेथें आकाशही नाहीं, दुर्बीणही नाहीं. तरी हा माणूस आयुष्यभर तारे पाहत आला आहे हें पाहणाराला सांगावें लागत नाहीं. त्याच वर्षींचें कार्लाइलचें चित्र त्यांना मायकेल अँजेलोनें अर्धवट घडविलेल्या शिळेसारखें वाटत असे, आणि तें वाटणें योग्यच आहे. भाची ज्युलिया जॅक्सन हिच्या चेहऱ्याचीं चित्रेंही याच पंक्तींतलीं. तत्पूर्वीं त्यांनीं पंधरा इंच लांब व बारा इंच रुंद कांचेचा मोठा कॅमेरा घेतला होता. त्यामुळें मस्तकें जवळजवळ प्रत्यक्षाएवढीं येऊं लागलीं. जेथें त्यांनीं राफाएलचा वेष घेतला तेथें त्या अनुकरण करणाऱ्या ठरल्या. जेथें राफाएलनें शिकविलेली श्रद्धा तेवढी ठेवून त्या समोरच्या माणसाकडे पाहूं लागल्या, तेथें त्या स्वतंत्र झाल्या. साहित्याच्या विद्यार्थ्यांनींही हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

हौसेला मोल नसलें तरी तिला खर्च असतोच. बाईंनीं तो भरून काढण्याची खटपट केली. चित्रांचे हक्क त्या सरकारदप्तरीं नोंदवीत, कोल्नागी या प्रसिद्ध दुकानामार्फत प्रती विकत, प्रदर्शनें भरवीत. साउथ केन्सिंग्टनच्या म्यूझियमनें १८६५ सालींच त्यांचीं चित्रें विकत घेतलीं व १८६८ सालीं काम करण्यास दोन खोल्याही दिल्या. तरी जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली नाहीं. घर चालत होतें तें सिलोनांतील कॉफीच्या मळ्यांवर; आणि ते मळे चालत होते दक्षिण हिंदुस्थानांतून गेलेल्या तमिळ मजुरांच्या घामावर. फ्रेशवॉटरच्या कांचघरांतील प्रत्येक पवित्र मुद्रेमागें ही दूरची मेहनत होती, हें विसरून चालणार नाहीं. कॉफीवर रोग पडला, उत्पन्न बसलें, आणि १८७५ सालीं पतिपत्नी सिलोनला निघाले. सामानांत एक गाय आणि आपल्या दोघांच्या शवपेट्याही होत्या, असें सांगतात.

सिलोनांत काम फारसें झालें नाहीं. तेथील तीसाच्या आंतच चित्रें आज उरलीं आहेत. त्यांत स्थानिक स्त्रीपुरुष आहेत, मळ्यांतील माणसें आहेत; परंतु इंग्लंडांतील कवींच्या व पंडितांच्या चित्रांखालीं जशीं नांवें दिसतात तशीं येथें दिसत नाहींत. कालुतारा येथील एका चित्राचें शीर्षक नुसतें शेतकऱ्यांचा समूह असें आहे. त्या चेहऱ्यांवरही प्रकाश तितक्याच ममतेनें पडला आहे. पण हर्शेलविषयीं जें तीस वर्षांचें ज्ञान त्यांच्या डोळ्यांत होतें तें या माणसांविषयीं नव्हतें. नुसती दृष्टि पुरत नाहीं, ओळखही लागते, हा धडा या शेवटच्या चित्रांत आहे. २६ जानेवारी १८७९ रोजीं बाई तेथेंच वारल्या. खिडकींतून तारे पाहत असतां ‘सुंदर’ हा एकच शब्द त्यांच्या तोंडून शेवटीं निघाला, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षीं यजमानही गेले; बोगवंतलावा येथील चर्चच्या आवारांत दोघांच्या समाधि आहेत.

नंतर कांहीं काळ त्यांचें नांव मागें पडलें. १९२६ सालीं त्यांच्या चित्रांचा एक संग्रह लंडनमध्यें निघाला. प्रस्तावना लिहिणारांपैकीं एक व्हर्जिनिया वुल्फ, म्हणजे त्याच ज्युलिया जॅक्सनची कन्या. १९४८ सालीं हेल्मुट गर्न्सहाइम यानें त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण सूचींत त्यांच्या बाराशेंहून अधिक चित्रांची नोंद झाली. त्यांनीं हर्शेलला भेट दिलेला चित्रसंग्रह परदेशीं जाण्याच्या बेतांत होता. १९७५ सालीं वर्गणी जमवून तो इंग्लंडांतच राखण्यांत आला. बाजारानें ज्या हौसेचें मोल दिलें नाहीं, तिचें मोल शंभर वर्षांनीं राष्ट्रानें दिलें असें म्हणतां येईल.

आपल्याकडेही या कलेची हौस जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं, म्हणजे कॅमेरॉनबाईंच्या हातीं कॅमेरा येण्याच्या नऊ वर्षें आधीं स्थापन झाली होती. आज तर घरोघर, हातोहात कॅमेरे आहेत, आणि दिवसांतून शेंकडों चित्रें निघतात. ओल्या कांचेची जिकीर गेली हें बरेंच झालें. परंतु तरुणांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं त्या बाईंनीं एका चेहऱ्यासाठीं जीं पांच मिनिटें मागितलीं, तीं नुसत्या रसायनांची गरज म्हणून नव्हेत. तेवढा वेळ समोरच्या माणसाकडे पाहत राहावें, असें त्यांना वाटत होतें; आणि तें वाटणें ज्याला असेल त्याला हौशी म्हणवून घेण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.